मदत हवी आहे: स्टिक्स की लॅकेसिस?

नमस्कार मंडळी, आंबोलीत रात्री दिव्याखालच्या भिंतीवर डेथ्स हेड हॉकमॉथ हा पतंग मिळाला. पाठीवरची कवटीसारखी नक्षी अगदी ठसठशीत. पण आपल्याकडे ॲकेरोंशिया स्टिक्स आणि ॲकेरोंशिया लॅकेसिस या त्याच्या दोन्ही प्रजाती सापडतात, आणि पंख मिटलेले असले की मला फरक ओळखता येत नाही. मागचा पंख दिसला तर सोपं: लॅकेसिसला बुडाशी मोठा काळा डाग, स्टिक्सचा पंख बराचसा पिवळा, त्यावर काळे पट्टे. पण त्यासाठी पतंगाला डिवचणं मनाला पटत नाही. नुसता धक्का लागला तरी बिचारा चीं चीं करतो. फोटो वरून आणि बाजूने आहेत, पोटाची खालची बाजू अर्धवट दिसते. तेवढ्यावरून प्रजाती ठरेल का? कवटीचा रंग भरवशाची खूण मानावी का? जाणकारांनी कृपया सांगा.