केसांच्या गोळीने छाती वाढली, तर थेट ऑपरेशन कशाला?

घोडबंदरवाला:
वय ३१, राहायला कासारवडवलीला, नोकरी ऐरोलीत. आमच्याकडे बाबा, काका सगळ्यांना पस्तिशीच्या आत टक्कल पडलं. मला ते नको होतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका हेअर क्लिनिकमध्ये गेलो. फिनास्टेराइड १ मिलीग्रॅमची रोज एक गोळी आणि रात्री लावायला मिनॉक्सिडिल, एवढं सांगून पाच मिनिटांत मोकळं केलं. केस गळायचे थांबले, ते मी नाकारत नाही.

सव्वा वर्ष झालं असेल. ठाणे-वाशी लोकलमध्ये गर्दीमुळे सॅक पुढे घेतली की तिचा पट्टा डाव्या निपलवर टोचायला लागला. घरी येऊन चाचपलं, तर निपलच्या बरोबर खाली सुपारीएवढी गाठ. दाबली की कळ यायची. पुढे दोन महिन्यांत उजवीकडेही तेच. भर मे महिन्यात शर्टाखाली दोन बनियन घालून ऑफिसला जात होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

क्लिनिकवाल्यांनी सांगितलं, वजन वाढलंय, जिम लावा. माझं वजन चार वर्षं ६६ किलोच आहे. मग एका कॉस्मेटिक सर्जनकडे गेलो. त्यांनी टेपने मापं घेतली, लायपो करू (म्हणजे नळीने चरबी ओढून काढू), ग्लँड म्हणजे आतली ग्रंथी काढू म्हणाले, आणि या आठवड्यात बुकिंग केलं तर सवलत देतो असंही म्हणाले. दोन्ही ठिकाणी एकाने तरी विचारायला हवं होतं की बाबा रे, तू कुठली गोळी घेतोस?

ते विचारलं एका हार्मोनच्या डॉक्टरांनी. ही गोळी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी, म्हणजे केसांची मुळं कमजोर करणारं हार्मोन, होऊ देत नाही. डीएचटी कमी झालं की केस टिकतात, पण उरलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये बदलतं. पुरुषाच्या छातीतही थोडी स्तनग्रंथी असतेच, ती त्याने वाढते. गोळी बंद करून चार महिने झाले. दुखणं दीड महिन्यात गेलं, गाठ निम्मी झाली.

माझं म्हणणं एवढंच, की औषधाने आलेल्या गाठीला सुरी लावण्याआधी औषध थांबवून वाट पाहणं सक्तीचं असावं.

कळव्याचा_पोरगा:
अजिबात पटत नाही. मी हीच वाट पाहिली आणि दोन वर्षं वाया गेली. गोळी बंद केली, डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणारं टॅमोक्सिफेनही दिलं, उपयोग शून्य. कारण मी उशिरा गेलो होतो. सुरुवातीला ती गाठ मऊ आणि दुखरी असते, तेव्हा ओसरू शकते. वर्ष उलटलं की आतला भाग तंतुमय, घट्ट होतो. मग गोळी बंद करा नाहीतर उलटे टांगून घ्या, तो जात नाही.

शेवटी ऑपरेशन केलं. निपलच्या काळ्या कडेने अर्धगोल छेद घेऊन ग्रंथी काढली, बाजूची चरबी लायपोने. भूल पूर्ण दिली होती, दुसऱ्या दिवशी घरी. सहा आठवडे घट्ट प्रेशर जॅकेट, झोपतानाही. डाव्या निपलला अजून बधिरपणा आहे. पण परवा उपवन तळ्यावर नुसत्या टी-शर्टमध्ये फिरलो, सहा वर्षांनी. तुम्ही सक्ती म्हणता, त्या सक्तीत माझ्यासारख्याचं वय जातं.

घोडबंदरवाला:
वर्ष उलटल्यावर वाट पाहा असं मी कुठे म्हणतोय? मला गाठ येऊन तीनच महिने झाले होते, तरी टेबलावर घ्यायला निघाले होते. गोळी तशीच चालू ठेवून ऑपरेशन केलं असतं आणि मागे थोडी ग्रंथी राहिली असती, तर ती पुन्हा वाढली नसती का?

कळव्याचा_पोरगा:
वाढू शकते. गोळी आधी बंद, हे मान्य. निर्णय मात्र माझा हवा, नियमाचा नको.

नेरूळ_फार्मसी:
मी औषधांच्या दुकानात बसतो म्हणून बोलतो. एका गोळीवर सगळं खापर फोडू नका. अमेरिकेत १९९७ पासून १ मिलीग्रॅमची गोळी केसांसाठी मान्य आहे. प्रोस्टेटसाठी ५ मिलीग्रॅम घेणाऱ्यांच्या चार वर्षांच्या चाचणीत छाती वाढल्याची तक्रार पहिल्या वर्षी ०.५ टक्के पुरुषांत होती आणि औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ०.१ टक्के. पुढच्या तीन वर्षांत १.८ विरुद्ध १.१. म्हणजे होतं, पण बहुतेकांना होत नाही. तुमचा धागा वाचून शंभर मुलं घाबरून गोळी सोडतील.

मला खरा राग आहे तो चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांचा. पोरं येतात, ५ मिलीग्रॅमची पट्टी स्वस्त पडते म्हणून ब्लेडने गोळीचे चार तुकडे करतो म्हणतात. तुकडे सारखे होत नाहीत आणि भुकटी घरभर. घरात गरोदर बाई असेल तर तिचा हात त्या भुकटीला लागता कामा नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. मी परत पाठवतो. ड्युटास्टेराइड ही याच जातीची दुसरी गोळी घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, ते बंद केल्यावरही शरीरात महिनोन् महिने राहतं.

घोडबंदरवाला:
दादा, टक्केवारी कमी आहे हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी तरीही गोळी घेतली असती. पण पहिल्या दुखण्यालाच ओळखलं असतं. दोन बनियन घालून लपवत बसलो नसतो.

वाशीची_सिस्टर:
दोघंही ऑपरेशन करायचं की नाही यावर भांडताय, पण गाठ कशाची हे आधी ठरवा. गोळी घेत होता म्हणजे गोळीनेच झालं असं नसतं. लिव्हर, थायरॉइड, किडनी, जिममधली स्टिरॉइडची इंजेक्शनं, वृषणातली गाठ, यातल्या कशानेही छाती वाढते. म्हणून रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, आणि डॉक्टरांनी वृषण तपासायलाच हवं. मुलं तिथे लाजतात. नुसती चरबी असेल तर निपलखाली अशी चकतीच लागत नाही.

आणि एकाच बाजूला, निपलपासून बाजूला सरकलेली, दगडासारखी कडक गाठ असेल किंवा निपलमधून रक्त येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा.

रबाळे७७:
सिस्टर, पुरुषाला कसला आलाय स्तनांचा कॅन्सर? उगाच घाबरवू नका.

वाशीची_सिस्टर:
होतो. स्तनांच्या शंभर कॅन्सरमागे साधारण एक पुरुषाचा असतो. आमच्या वॉर्डात एक काका आले होते, बनियनला डाग पडत होता तरी वर्षभर हळद लावत बसले. त्यांचा चेहरा आठवतो म्हणून लिहिलं.

मानपाडा_मेडिक्लेम:
खर्चाचं कुणीच बोललं नाही. बहुतेक पॉलिसी हे ऑपरेशन कॉस्मेटिक म्हणून नाकारतात. वर अशा शस्त्रक्रियेला १८ टक्के जीएसटीही लावतात. माझं मत विचाराल तर नाकारणं बरोबर आहे. केस टिकावेत म्हणून हौसेने गोळी घ्यायची आणि परिणामाचा भार बाकीच्यांच्या हप्त्यावर टाकायचा?

कळव्याचा_पोरगा:
हौस? लग्न ठरताना दोन ठिकाणी टक्कल बघून नकार आला होता मला. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधाचा दुष्परिणाम ही हौस कशी? बीपीच्या गोळीने पाय सुजले तर त्याला कॉस्मेटिक म्हणता का तुम्ही? पैसे नसतील त्यांनी केईएम, सायन, जेजेला प्लास्टिक सर्जरी विभागात जावं. नंबर उशिरा लागतो, पण शिकवणारे सर्जन असतात.

मानपाडा_मेडिक्लेम:
दुखत असेल, डॉक्टरांनी तसं लेखी दिलं असेल, तर मी तुमच्या बाजूने. फक्त दिसण्यासाठी असेल तर नाही.

कळव्याचा_पोरगा:
दिसण्यासाठी म्हणता, पण मी सहा वर्षं पोहायला गेलो नाही.

घोडबंदरवाला:
पुढच्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी आहे. गोळी परत सुरू करणार नाही, टक्कल पडलं तर पडू दे. काल बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला तर मागेच कळलं होतं, दोरीवर रोज दोन बनियन वाळत असायचे.

कळव्याचा_पोरगा:
सहा महिने थांबा, माझी हरकत नाही. वर्ष मात्र ओलांडू देऊ नका. आणि सर्जनकडे जाल तेव्हा नुसते फोटो बघू नका, निपलखाली खड्डा पडलेले किती पेशंट परत आले ते विचारा.