सीरम झिंकच्या एका आकड्यावरून मुलाला गोळ्या सुरू करायच्या?

मेथीलाडू: माझ्या ८ वर्षांच्या मुलाचं सीरम झिंक, म्हणजे रक्तद्रवातलं जस्त, ५९ आलं. रिपोर्टवर लाल अक्षरांत 'कमी', हातात ३ महिन्यांच्या गोळ्या. रक्त घेतलं तेव्हा दुपारचे ३ वाजले होते, तो जेवलेला होता आणि अंगात ताप होता. यातलं कुणी काही विचारलं नाही, रिपोर्टवरही नोंद नाही. नंतर वाचलं, १० वर्षांखालच्या मुलांसाठी सकाळची मर्यादा ६५ आणि दुपारची ५७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. मग दुपारच्या मापाने तो 'कमी' नाहीच! शिवाय इन्फेक्शनमध्ये शरीर रक्तातलं झिंक यकृताकडे ओढून घेतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण २ ग्रॅम झिंक, तेही बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. रक्तद्रवात त्याचा जेमतेम हजारावा भाग असतो. माझं स्पष्ट मत आहे, एकट्या माणसाची कमतरता या आकड्यावरून ठरवू नये आणि हेल्थ चेकअपच्या पॅकेजांतून ही तपासणी काढून टाकावी.

लॅबवाली_नाशिक: अजिबात पटलं नाही. दोष तपासणीचा नाही, नमुना घेण्याचा आहे. झिंकसाठी गडद निळ्या टोपणाची खास ट्यूब लागते. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून झिंक उतरतं आणि कमी असलेलं मूलही नॉर्मल दिसतं. लाल पेशी फुटल्या तरी तेच, कारण पेशींच्या आत झिंक बरंच जास्त असतं. म्हणून रक्त लवकर यंत्रात फिरवून सीरम वेगळं करावं लागतं. हे सगळं नीट केलं तर आकडा विश्वासाचा. तपासणीच काढून टाकली तर ज्याला खरंच कमी आहे तो सापडणार कसा?

गावकुसाबाहेर: याच आकड्यावर देशाचं धोरण उभं आहे, ताई. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १९ टक्के मुलांत आणि १० ते १९ वयाच्या ३२ टक्के मुलामुलींत झिंक कमी निघालं. २० टक्क्यांच्या वर गेलं की तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानतात. हजारो नमुन्यांत चुका एकमेकींना खातात.

मेथीलाडू: सगळ्या नाही खात. तापातली मुलं खालीच जातात, वर कुणी जात नाही. ती चूक एकाच दिशेची. म्हणूनच सोबत सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह किंवा इन्फेक्शन दाखवणारं रक्तातलं प्रथिन, मोजावा लागतो. तो माझ्या मुलाचा कुणी मोजला?

निवांत_नाना: केसांतलं झिंक मोजून मिळतं म्हणे. सुईसुद्धा नको.

लॅबवाली_नाशिक: नाना, कोंड्याच्या कित्येक शाम्पूंत झिंकच असतं, ते केसाला चिकटतं. आणि कुपोषित मुलाचे केस हळू वाढतात, त्यामुळे त्यांत झिंक कमी दिसेलच असं नाही. रक्तच बरं.

बालरोग_कोल्हापूर: जुलाबात आम्ही रक्त न तपासताच ओआरएससोबत १४ दिवस झिंक देतो: ६ महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावर २०. तिथे रिपोर्टची वाट पाहणं चुकीचं. उलट तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी न हटणारं पुरळ, जुलाब, केस गळणं असं एकत्र दिसलं की हाच रिपोर्ट मला मोलाचा वाटतो. जन्मतः झिंक न शोषणाऱ्या बाळांना त्याने वाचवता येतं. तपासणी काढा म्हणू नका. लक्षण नसताना, पॅकेजात, सरसकट नको, इथवर मी तुमच्याबरोबर.

गावकुसाबाहेर: पण दिल्या गोळ्या तर बिघडतं काय?

बालरोग_कोल्हापूर: जास्त मात्रेत दीर्घकाळ दिलं तर तांब्याचं शोषण अडतं, त्यातून रक्तक्षय होतो. 'जीवनसत्त्वासारखंच आहे' म्हणून महिनोन्महिने देऊ नये.

मेथीलाडू: डॉक्टर, 'काढून टाका' हे मागे घेते. पण रक्त घेतल्याची वेळ, उपाशी की जेवून आणि ताप होता का, हे रिपोर्टवर छापलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे. ३ आठवड्यांनी सकाळी उपाशीपोटी, निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, सीआरपीसकट पुन्हा करणार. गोळ्यांचं उद्या आमच्या डॉक्टरांना विचारते.

लॅबवाली_नाशिक: मुलाला सर्दी असेल तर त्या दिवशीही नेऊ नका. आणि ट्यूब आधी बघा, मग हात पुढे करू द्या.