जुना लॅपटॉप मंद झाला, तेव्हा काय निघालं? तुमचे अनुभव सांगा

शहापूरची_माई

काल बेळगावच्या खडे बाजारातून येताना एका दुकानाच्या दारात एक पोरगी लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून उभी होती. आत दुकानदार तिच्या वडिलांना सांगत होता, "ह्यात काय राहिलं नाही आता, नवीनच घ्या." वडील काहीच बोलले नाहीत. मी पुढं आले, पण घरी पोचेपर्यंत तेच डोळ्यापुढं.

आमच्याकडं २०२० च्या ऑगस्टात अगदी हेच झालं होतं. शाळा बंद, लेकीचे नववीचे तास ऑनलाइन. लॅपटॉप २०१३ चा, ह्यांनी हप्त्यानं घेतलेला. बटण दाबलं की चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी पडद्यावर ते गोल फिरतंयच. हजेरीत तिचं नाव येऊन जायचं, मग ती आत जाऊन रडायची. एका दुकानात म्हणाले मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. तेव्हा पगार अर्धा येत होता आमचा.

शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा आला. त्यानं आधी काही उघडलं नाही, पुसलं नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर (कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी) लावला आणि मला जवळ बसवून दाखवलं. प्रोसेसर १२ टक्के, मेमरी निम्मी, डिस्क मात्र १०० वर चिकटलेली. "काकू, मदरबोर्ड ठणठणीत आहे. हार्ड डिस्क दमलीय." आतली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, तिच्यावर सुई एकच. दहा जणांनी एकदम हाक मारली तर ती धावणार किती! त्यानं तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, रात्रभर जुन्या डिस्कची नक्कल उतरवली. सकाळी २० सेकंदांत चालू. लेकीनं घड्याळ लावून मोजलं होतं.

तो लॅपटॉप आजही घरात आहे, ह्यांचा हिशोब त्याच्यावरच असतो. त्या वडिलांशी दोन शब्द बोलायला हवे होते. तुमच्याकडं काय बिघडलं, कसं कळलं, लिहा. कुणाचे तरी पैसे वाचतील.

निपाणीचा_नाना

आमची तंबाखूची वखार. टेबल तिथंच, लॅपटॉप तिथंच. सकाळी बरा पळायचा, दुपारी ३ नंतर रांगायचा. ही खूण लक्षात ठेवा, तापल्यावर मंद होत असेल तर आधी पंखा बघायचा. झाकण काढलं तर पंख्यापुढच्या जाळीवर भुकटीचा थर, बोटानं सोलून काढावा असा. प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती थर्मल पेस्ट वाळून पापुद्रा झालेली. साफ करून नवी पेस्ट लावली, ९६ अंशांवरून ७० वर आला. प्रोसेसर शंभरीजवळ गेला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो, म्हणून मंद.

हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. नाहीतर ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंग जातं.

रानफूल_जांबोटी

नाना बरोबर. आमच्याकडं धूळ नाही, ओल! चार महिने पाऊस, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते तर लॅपटॉपचं काय. ८ जीबी रॅम होती, टास्क मॅनेजरमध्ये ४ च दिसायची. दोन पट्ट्यांपैकी एक धरतच नव्हती. बॅटरी सोडवली, पट्टी काढून सोनेरी टोकं खोडरबरनं हलक्या हातानं पुसली, परत घट्ट बसवली. ८ दिसली. खर्च शून्य

कॅम्पातली_सुनंदा

जांबोटीचा पाऊस कसा आहे आता? चोर्ल्यातून गोव्याला जायचंय रविवारी

रानफूल_जांबोटी

@सुनंदा धुकं लई आहे ताई, उजेडातच घाट उतरा.

पत्रिकावाला

आमचा धंदा लग्नपत्रिकांचा. एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. टायपिंगसाठी श्रीलिपी (मराठी) आणि नुडी (कन्नड) ही दोन्ही सॉफ्टवेअर एकाच जुन्या मशीनवर, विंडोज ७. त्याचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला हे माहीत आहे, म्हणून त्याला इंटरनेटच जोडत नाही. मंद झाला तेव्हा बघितलं, सी ड्राइव्हवर २ जीबी जागा उरलेली. दहा वर्षांच्या पत्रिका सगळ्या डेस्कटॉपवर! त्या दुसऱ्या डिस्कवर हलवल्या आणि मशीन सुटलं. जागा पंधरा-वीस टक्के तरी मोकळी ठेवा. मंगलकार्याच्या दिवसांत मशीन अडलं तर एखाद्या घरची पत्रिका अडते, मला झोप येत नाही अशा वेळी.

खानापूर_आक्का

वाचूलाले सगळं, स्वयंपाक करत करत. माझं सांगते. फॉरमॅट मारला की पळतोय म्हणून एकानं मारून दिला, मला विचारलंच नाही. आप्पांचे शेवटच्या दोन वर्षांचे फोटो होते त्यात. शेतात बांधावर बसलेले, नातीला उसाचं कांडं सोलून देत असलेले. लॅपटॉप पळाला चांगला. मी उघडलाच नाही नंतर कितीतरी दिवस.

शहापूरची_माई

आक्का, काय बोलू. आधी फोटो बाहेर काढायचे, मग हात लावायचा, हे वरच लिहायला हवं होतं मी.

उद्यमबाग_टर्नर

आक्का, ती डिस्क अजून आहे का? साधी फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि फॉरमॅटनंतर फार लिहिलं नसेल तर फोटो परत मिळायची शक्यता असते. आता तो लॅपटॉप अजिबात चालू करू नका. फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडायची आणि सापडतील ते फोटो तिसऱ्याच डिस्कवर उतरवायचे, त्याच डिस्कवर नाही. मी येतो शनिवारी, खानापूर काय लांब नाही.

खानापूर_आक्का

व्हय? आहे की वो, कपाटात आहे तसाच. हात लावत नाही. या शनिवारी, जेवायलाच या.

बंगळूरला_गेलेला

माझी गोष्ट वेगळीच. आईनं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं येताना लॅपटॉप आणला आणि घाईत चार्जर काकांचा उचलला. पिन बसायची, चार्जही व्हायचा, पण मशीन गोगलगाय. एसएसडी असून! प्रोसेसर ०.७८ गिगाहर्ट्झवर अडकलेला, नेहमीपेक्षा कितीतरी कमी वेग. काही लॅपटॉप चार्जर ओळखीचा नसला की वेग पाडून ठेवतात. वायर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला तर पळाला, तेव्हा डोक्यात आलं. मूळ चार्जर आल्यावर सगळं ठीक.

आई कुंदा पण घेऊन आली होती, तो दोन दिवस पुरला

कॅम्पातली_सुनंदा

कुंदा दोन दिवस?? आमच्यात एका संध्याकाळी संपतो. मांडे पाठवा म्हणावं, टिकतात.

चिकोडी_सर

शाळेतले लॅपटॉप इंटेलच्या ७व्या पिढीच्या प्रोसेसरचे, विंडोज ११ घेत नाहीत, त्याला इंटेलची ८वी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून मशीन फेकायची का? मी दोन लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम घातली, तिचं हलकं एक्सएफसीई वालं रूप. ४ जीबी रॅमवर चालतं, इनस्क्रिप्ट कीबोर्डनं मराठी कन्नड दोन्ही टाइप होतं. मुलांना फरकही कळला नाही, त्यांना चित्र काढायला मिळालं की झालं. ही मुलं मोबाइलवर वाढलेली, कीबोर्डला हात लागतो तो फक्त शाळेत. म्हणून मला एकेक मशीन मोलाचं वाटतं.

निपाणीचा_नाना

सर, आमच्या नातवाला पाठवतो तुमच्याकडं सुट्टीत

वडगावची_पोर

माझा टचपॅड वर आलाय आणि क्लिक होत नाही. मंद पण आहे. साफ करू का

उद्यमबाग_टर्नर

@वडगावची_पोर थांब! आत्ताच बंद कर. ती बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नको, दाबू नको, टोचू नको. गादीवर ठेवू नको. उद्या दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घे, मंदपणाचं नंतर बघू.

वडगावची_पोर

बंद केला दादा. फरशीवर ठेवलाय गॅलरीत.

टिळकवाडीचे_आजोबा

माझ्या यंत्रात तारीख सारखी मागे जात असे आणि बँकेचे पान उघडत नसे. मला वाटले इंटरनेट मंद आहे. आतली सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ती बदलल्यावर सारे सुरळीत. धन्यवाद माई, चांगला विषय काढलात.

शहापूरची_माई

सगळ्यांचं वाचून मघाशी ह्यांच्या लॅपटॉपवर डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघितलं. जुनी हार्ड डिस्क कव्हरात घालून फोटोंसाठी जोडलेली असते ना, ती पिवळी, म्हणजे सावध राहा, असं दाखवतेय. करंट जायच्या आत लेकीचे शाळेचे फोटो पेन ड्राइव्हवर लावलेत उतरवायला, ३ तास दाखवतंय. तोवर भाकऱ्या करून घेते. आक्का, शनिवारी काय झालं ते कळवा.