गोरोबाकाका संसारी होते

गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी, भक्तीपायी संसाराकडे पाठ फिरवली, असं काहीजण म्हणतात. ते मला पटत नाही. मडक्यांसाठी चिखल तुडवताना त्यांचंच बाळ पायाखाली आल्याची कथा काळीज चिरते, पण तिच्यातही ते कुठे एकांतात समाधी लावून बसलेले नाहीत. ते कामावर आहेत, घरच्या अंगणात, तोंडी विठ्ठलाचं नाव घेत.

कुंभाराचं काम बघितलंय का कुणी जवळून? चाकावरून उतरलेलं मडकं जाडच असतं. आतून हाताने दगडाचा आधार द्यायचा, बाहेरून थापटणं, म्हणजे लाकडी फळी, मारत गोलाई आणायची. एक घाव जोरात बसला की सगळं वाया. हात आणि कान दोन्ही जागे लागतात. म्हणूनच, कथेप्रमाणे, तेर या काकांच्या गावी जमलेल्या संतमेळ्यात कोण कच्चं, कोण पक्कं हे सांगायला मुक्ताबाईंनी ज्ञानी पंडिताला नाही, याच कारागिराला पुढे केलं. मडकं पारखावं तसं डोक्यावर थापटणं बसताच नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केलं.

काकांनी मात्र शेवटपर्यंत ना मडकी सोडली, ना घर. तेरला त्यांची समाधी आहे. वारकरी आजही त्यांना ‘काका’ म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं.