फिक्स्चर्सला मराठीत काय म्हणायचं?

चिंचोके:
मावशी डोंबिवलीत रीसेल फ्लॅट घेतेय आणि तिचा हट्ट की करार मराठीत वाचल्याशिवाय सही करणार नाही, म्हणून मी भाषांतर करायला बसलेय. 'फिक्स्चर्स अँड फिटिंग्ज'पाशी गाडं अडलं. 'स्थावर वस्तू' लिहिलं तर नवरा म्हणतो स्थावर म्हणजे जमीन नि घर, गिझर कुठला स्थावर? बरं, प्रश्न नुसता शब्दाचा नाही. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा विकणाऱ्यांनी पंखे तर नेलेच, होल्डरसकट बल्ब काढून नेले, छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या आणि विचारलं तर म्हणे ते आमचं सामान! उद्या 11 ला टोकन द्यायचंय, काय लिहू?

पेणकरअण्णा:
'जडवस्तू'. जडवलेली ती जडवस्तू.

खारीबटर:
अहो, जड म्हणजे वजनदार पण. फ्रीज दोघांनी उचलावा लागतो, तो पण द्यायचा का?

सातबारा:
जुन्या खरेदीखतांत झकास शब्द आहे, 'तदंगभूत वस्तूंसह', म्हणजे त्या घराचाच भाग झालेल्या वस्तूंसह. आमच्या आजोबांच्या खतात तर पुढे 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' अशी माळच आहे, म्हणजे पुरलेलं धन सापडलं तरी घेणाऱ्याचं. गिझरचा पत्ता नाही अर्थात. बाकी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 8 बघा, वेगळं काही ठरलं नसेल तर घराबरोबर कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी केलेल्या बाकी वस्तू जातात. किल्ली दिवसभर खिशात फिरते तरी घराचीच.

शुद्धमती:
'मालमत्ता' कशाला? तो अरबी. 'मिळकत' म्हणा.

सातबारा:
मग 'खरेदी' फारसी आणि 'खत' अरबी, आजोबांचं खरेदीखत फाडून टाकू का?

शुद्धमती:
विषय भरकटवू नका. आणि कोणी 'चल-अचल' सुचवायच्या आधीच सांगते, ते हिंदी वळण आहे, आपलं स्थावर-जंगम.

खारीबटर:
दोन्ही संस्कृतच की हो.

भिंतीतली_पाल:
माझा नियम सोपा आहे, काढल्यावर भिंतीला भोक राहिलं तर ते घराचं.

चिंचोके:
मग खिळ्यावरचा आजोबांचा हार घातलेला फोटो? आणि मावशीचा जीव ज्या झोपाळ्यात अडकलाय तो? कड्या स्लॅबमध्ये पक्क्या आहेत पण सळ्या नि पाट दोन मिनिटांत सुटतात.

पेणकरअण्णा:
कड्या त्यांनी ठेवाव्यात, पाट न्यावा.

चिंचोके:
म्हणजे मावशीने कड्यांकडे बघत बसायचं.

देवगडकर:
आमच्याकडे माजघरात जमिनीत पुरलेलं उखळ होतं, आम्ही त्याला व्हायन म्हणतो. काकांनी घर विकलं तेव्हा मुसळ गाडीत घालून आणलं, उखळ कसं आणणार? नव्या मालकाने वरून टाइल्स घातल्या. मुसळ अजून माझ्या पनवेलच्या गॅलरीत उभं आहे, येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय.

पेणकरअण्णा:
म्हणजे उखळ स्थावर, मुसळ जंगम! उखळ पांढरं होणं यातलं उखळ पण हेच ना?

खारीबटर:
हेच. सारखं धान्य कांडून पीठ लागतं म्हणून पांढरं, असं आजी सांगायची.

शुद्धमती:
पीठ जात्यावर होतं, उखळात कांडतात. मला ही व्युत्पत्ती पटत नाही.

देवगडकर:
तांदूळ सडताना कोंडा नि पिठी उडतेच की, आमच्याकडे या बघायला. म्हणजे मुसळ बघायला.

चिंचोके:
लोकहो, गिझर! मी आता सरळ 'भिंतीला व छताला बसवलेल्या वस्तू' असं लिहून खाली यादी जोडतेय, पंखे 4, गिझर 1, झोपाळा कड्या-सळ्या-पाटासह 1.

शुद्धमती:
'वस्तू' अनेकवचनातही वस्तूच, तेवढं बरोबर लिहिलंत.

पेणकरअण्णा:
बल्ब विसरलात.