छोट्या कॅम्पिंग ट्रेलरमध्ये १२ व्होल्टच्या वायरिंगचे फ्यूज कसे ठरवावेत?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही पती-पत्नी गेले काही महिने दहा फूट लांबीचा एक छोटा ट्रेलर बांधून घेत आहोत. सांगाडा उद्यमनगरातील एका कारखान्यात चौकोनी लोखंडी पाइपचा झाला आहे आणि आतून प्लायवूड लागण्यापूर्वी वायरिंग उरकायचे आहे. आता जे ठरेल ते पुढची अनेक वर्षे भिंतीआड राहणार असल्यामुळे घाई न करता विचारते आहे.

बॅटरी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट आहे आणि ती पुढच्या पेटीत बसेल. तीन वॅटचे चार एलईडी दिवे, साधारण २५ वॅटचा एक पंखा, ५० वॅटचा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज (बॅटरीपासून वायरच्या मार्गाने चार मीटरवर), ६० वॅटचा पाण्याचा पंप, मोबाइल चार्जिंगचे दोन पॉइंट आणि ६०० वॅटचा इन्व्हर्टर, एवढेच सामान आहे. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि जमल्यास घरचा ५०० वॅटचा मिक्सर चालवावा, असा विचार आहे.

घरांची कामे करणाऱ्या ओळखीच्या वायरमनने सुचवलेली योजना अशी आहे : बॅटरीनंतर ३० अँपिअरचा एकच फ्यूज, पुढे सगळीकडे एकची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणि मायनस सरळ सांगाड्याला. फ्यूज बदलत बसण्यापेक्षा घरात लावतात तसे एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारे खटके) लावावेत, असेही त्यांचे म्हणणे आहे. ते अनुभवी आहेत, तरीही एका फ्यूजवर सगळे सोपवायला माझे मन तयार होत नाही. सर्किट किती करावीत, कोणता फ्यूज कुठे बसवावा आणि या योजनेतले काय ठेवावे, काय सोडावे, हे कृपया सांगावे.

उद्यमनगर_१२व्होल्ट

ताई, प्लाय लागण्याआधी विचारलेत हे फार बरे झाले.

सुरुवात फ्यूज कशासाठी असतो इथूनच करावी लागेल, कारण वायरमनदादांच्या योजनेतली चूक तिथेच आहे. फ्यूज फ्रिजला किंवा पंपाला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवण्यासाठी असतो. एकची वायर बंद भिंतीत दहा-बारा अँपिअरपर्यंतच निर्धास्तपणे सोसते. तिच्या मागे ३० चा फ्यूज असेल आणि पंपाची मोटर अडकून २५ अँपिअर ओढू लागली, तर फ्यूजच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते आणि वायर मात्र प्लायच्या आत तापत राहते. गाड्यांमधले पात्यांचे फ्यूज तर आकड्यापेक्षा दहा टक्के जास्त प्रवाहावर शंभर तासही टिकतात आणि पस्तीस टक्के जास्त झाला तरी उडायला दहा मिनिटे घेऊ शकतात. म्हणून आधी उपकरणाचा प्रवाह काढावा, त्यावरून आणि लांबीवरून वायर निवडावी आणि शेवटी त्या वायरला सोसेल तेवढाच फ्यूज लावावा. फ्यूजचा आकडा नेहमीच्या लोडच्या सव्वापट तरी असावा आणि वायरच्या क्षमतेच्या वर कधीही जाऊ नये. मी स्वतः दीडच्या वायरला १०, अडीचच्या वायरला १५ आणि चारच्या वायरला २५ अँपिअरच्या पुढे जात नाही. उन्हाळ्यात बंद ट्रेलर आतून किती तापतो हे लक्षात घेता हा हात राखून ठेवलेला बरा.

आपल्या ट्रेलरला पाच सर्किट पुरतील. दिवे सगळे मिळून एक अँपिअर घेतात, त्यांना दीडची वायर आणि ५ चा फ्यूज. पंख्याला तेच, पण फ्यूज वेगळा, म्हणजे एक उडाला तर रात्री अंधार आणि उकाडा दोन्ही एकदम नशिबी येणार नाहीत. पंप पाच अँपिअर घेतो, त्याला अडीचची वायर आणि १० चा फ्यूज. चार्जिंगच्या दोन्ही पॉइंटना मिळून अडीचची वायर आणि १५ चा फ्यूज.

फ्रिजबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण १२ व्होल्टवर खरी अडचण तापण्याआधी व्होल्टेज पडण्याची येते. चार मीटर जाणे आणि चार मीटर येणे मिळून आठ मीटर तांबे होते. एकच्या वायरने पाच अँपिअरला जवळपास पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. घरच्या २३० व्होल्टमध्ये पाऊण व्होल्ट कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण इथे तो सहा टक्के होतो. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह लागतो, त्या क्षणी व्होल्टेज आणखी खाली बसते आणि बॅटरी अर्धी भरलेली असतानाही फ्रिज कमी व्होल्टेजचा इशारा देऊन बंद पडतो. लोक बॅटरी बदलतात, फ्रिज दुरुस्तीला देतात आणि दोष वायरचा निघतो. चारची वायर घेतली तर हेच नुकसान ०.२ व्होल्टवर येते. फ्यूज मात्र १५ चाच ठेवावा. वायर जाड आहे म्हणून फ्यूजही मोठा हवा असे काही नसते.

या पाचही सर्किटसाठी सहा घरांची फ्यूजपेटी घ्यावी आणि सहावे घर रिकामे ठेवावे. बॅटरीच्या पेटीतून तिथपर्यंत दहाची वायर आणि तिच्या सुरुवातीला ४० चा फ्यूज. इन्व्हर्टर या पेटीतून घेऊ नये. पूर्ण लोडवर तो ६० अँपिअरच्या आसपास ओढेल, तेव्हा त्याला २५ ची वायर आणि ८० चा स्वतंत्र फ्यूज द्यावा. या दोन्ही शाखा एका तांब्याच्या बसबारवरून (अनेक वायरी जोडता येतील अशा पट्टीवरून) निघाव्यात आणि बॅटरी ते बसबार ३५ ची वायर असावी, तिला बॅटरीच्या प्लस टोकावरच १०० चा मुख्य फ्यूज. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर काही हजार अँपिअर देऊ शकते, म्हणून इथे साधा पात्याचा फ्यूज चालत नाही; तो साधारण एक हजार अँपिअरपर्यंतच सुरक्षितपणे तोडतो. बॅटरीच्या टोकावर बसणारा चौकोनी सिरॅमिक फ्यूज १४ व्होल्टपर्यंत दहा हजार अँपिअर तोडू शकतो, तो घ्यावा.

सांगाड्याला मायनस देऊ नये. वेल्डिंगचे आणि रिव्हेटचे जोड पावसाळ्यात गंजतात आणि प्रत्येक जोड थोडेथोडे व्होल्टेज खातो. प्रत्येक उपकरणाला मायनसची स्वतःची वायर द्यावी, प्लसइतकीच जाड, आणि त्या सगळ्या मायनसच्या बसबारवर आणाव्यात. तो बसबार मात्र सांगाड्याला एकाच ठिकाणी जोडावा, म्हणजे एखादी प्लसची वायर घासून लोखंडाला टेकली तर तिचा फ्यूज लगेच उडेल आणि दोष लपून राहणार नाही.

मिक्सरचा विचार सोडावा असे मला वाटते. ५०० वॅटचा मिक्सर सुरू होताना दुप्पट-तिप्पट मागतो आणि ६०० चा इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो. कांदा-लसूण चटणी घरूनच बरणीत भरून न्यावी.

गगनबावडा_वाट

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मुख्य फ्यूज बॅटरीच्या टोकावरच का हवा, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून लिहितो.

माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये फ्यूजपेटी दाराजवळ होती, हाताशी असावी म्हणून. बॅटरी पुढे होती आणि मधल्या दोन मीटरच्या सहाच्या वायरवर काहीही नव्हते. ती वायर सांगाड्यातल्या एका भोकातून गेली होती आणि त्या भोकाला मी रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून बसवायचे कडे) बसवले नव्हते. दोन पावसाळे काही झाले नाही. तिसऱ्या वर्षी भुईबावडा घाटातून उतरताना गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास आला. थांबून पुढची पेटी उघडली तर वायरचे लाल आवरण हातभर फुगले होते, त्यावर पापडासारखे फोड आले होते आणि भोकाच्या कडेला उघडे तांबे लोखंडावर तडतडत होते. फ्यूजपेटीतले सगळे फ्यूज शाबूत होते, कारण दोष त्यांच्या अलीकडे होता. दहा नंबरचा पाना शोधून बॅटरीचे टोक सोडवेपर्यंत जी मिनिटे गेली, ती माझ्या पत्नीला आजही आठवतात.

तेव्हापासून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असतो, त्याच्या लगेच पुढे हाताने फिरवायचा मुख्य स्विच असतो आणि दहा नंबरचा पाना पेटीच्या झाकणालाच अडकवलेला असतो. वायर जिथे पत्रा किंवा लोखंड ओलांडते तिथे ग्रोमेट आणि दर वीतभरावर पट्टी, हे आता मी कुठेही सोडत नाही.

रंकाळाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. भुईबावड्याचा प्रसंग घरात वाचून दाखवला आणि सांगाड्यातली भोके मोजली; अकरा निघाली. ग्रोमेट आजच आणवले.

दोन शंका उरल्या आहेत. वायरमनदादांना एमसीबीबद्दल कारण देऊन सांगायचे आहे, नुसते 'नको' म्हणणे बरे दिसत नाही. आणि चालत्या गाडीवरून बॅटरी चार्ज करणारी वायर व छतावरचे २०० वॅटचे सोलर पॅनेल यांना फ्यूज कुठे लागतात?

उद्यमनगर_१२व्होल्ट

एमसीबीबद्दल त्यांना हा हिशोब दाखवावा. दीडच्या वायरने जाऊन-येऊन आठ मीटरच्या सर्किटमध्ये दूरच्या टोकाला शॉर्ट झाला, तर वायरच्या स्वतःच्या रोधामुळे १२० अँपिअरच्या आसपासच प्रवाह वाहतो. घरातला १६ चा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडण्यासाठी एसीवर (घरच्या विजेवर) ८० ते १६० अँपिअर मागतो आणि डीसीवर (बॅटरीच्या विजेवर) त्याहूनही जास्त. म्हणजे तो झटक्यात न पडता आतली पट्टी तापण्याची वाट पाहत बसण्याची शक्यता असते, तर १० चा पात्याचा फ्यूज तिथे डोळ्याचे पाते लवण्याआधी उडतो. शिवाय एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझवण्याच्या कामी घरच्या एमसीबीला त्याची मदत होते. डीसीमध्ये ती संधी मिळत नाही. त्यांचे एमसीबी वाया जाणार नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी २३० व्होल्ट बाहेरून घ्यायचे असेल तर तिथे ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसोबत (शॉक बसू लागताच वीज तोडणाऱ्या खटक्यासोबत) लावावेत, पण वेगळ्या पेटीत.

गाडीकडून येणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे आणि मध्ये कुठेही घासली तरी दोन्हीकडून प्रवाह धावतो. ती वायर बॅटरीला थेट न जोडता २० अँपिअरच्या डीसी-टू-डीसी चार्जरमधून आणावी; रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून (गाडीच्या इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्राकडून) झेपेल त्याहून जास्त ओढते आणि तो तापतो. चार्जरपर्यंत दहाची वायर, गाडीच्या बॅटरीजवळ ४० चा फ्यूज, आणि चार्जरकडून ट्रेलरच्या बॅटरीकडे जाताना सहाची वायर व बसबारजवळ ३० चा. ब्रेकचे, वळणाचे आणि मागचे दिवे गाडीच्या प्लगवरच राहू द्यावेत, त्यांचा या वायरिंगशी संबंध जोडू नये.

एकाच पॅनेलला छताकडे फ्यूज लागत नाही, कारण शॉर्ट होऊनही ते नेहमीपेक्षा किंचितच जास्त प्रवाह देते. कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारे यंत्र) ते बॅटरी या टप्प्याला चारची वायर आणि २० चा फ्यूज मात्र हवाच, बॅटरीच्या बाजूला. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मग पॅनेल.

कोकणवारी

सर्किटची आखणी वर उत्तम झाली आहे, मी जोडांपुरते लिहिते. सैल जोड हा असा दोष आहे की जो कोणत्याही फ्यूजला कळत नाही. प्रवाह नेहमीचाच असतो, पण जोडावर उष्णता साठते. आमच्या पंपाचा १० चा लाल फ्यूज शाबूत होता आणि त्याच्या खालचे प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूला ओघळले होते. कारण होते नीट न दाबलेले थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक. थिंबल पक्कडीने चेपू नये, त्यासाठी क्रिम्पिंगचे हत्यारच वापरावे आणि दाबल्यावर वायर जोराने ओढून पाहावी. नुसत्या सोल्डरवर भरवसा ठेवू नये, कारण जिथे सोल्डर संपते तिथे वायर ताठ होते आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. समुद्रकाठी वारंवार जाणार असाल तर कल्हईच्या तांब्याची वायर घ्यावी. साधे तांबे खाऱ्या हवेत आवरणाच्या आत काळे पडत जाते. पहिल्या दोन-तीन प्रवासांनंतर सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत.

रंकाळाकाठ

काल वायरमनदादांसोबत बसून १२० अँपिअरचा हिशोब कागदावर मांडला. त्यांनी तो स्वतः पुन्हा करून पाहिला आणि वायरची यादी त्यांनीच नव्याने लिहिली : दीड, अडीच, चार, सहा, दहा, पंचवीस, पस्तीस, आणि मायनससाठी तेवढीच काळी. थिंबलच्या हत्याराची व्यवस्थाही तेच करणार आहेत. प्लाय ठोकण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवणार आहोत, म्हणजे पुढे कपाटाचा स्क्रू मारताना फ्रिजची वायर कुठून गेली आहे हे पाहता येईल. फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आत कोणत्या घरात कोणता फ्यूज आणि किती जाडीची वायर, हे मराठीत लिहून चिकटवते आहे.