मदत हवी आहे: विशी सरकारची कागदपत्रं कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी विशी सरकारचा (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीपुढे हरल्यावर मार्शल पेतँच्या हाताखाली आलेलं फ्रेंच सरकार) ३ ऑक्टोबर १९४०चा ज्यूविरोधी कायदा घेतलाय. तो जर्मनांनी लादला की पेतँच्या माणसांनी आपणहून केला, हा जुनाच वाद. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी १९७२मध्ये दुसरी बाजू ठामपणे मांडली, तीही फ्रेंच दफ्तरं बंद असताना, मुख्यतः अमेरिकेच्या हाती लागलेल्या जर्मन कागदांवरून. मला तर हेच जास्त भारी वाटतं! घरच्यांनी कुलूप लावलं, तर शेजाऱ्याच्या वहीतून हिशोब काढला.

आता डिसेंबर २०१५पासून त्या काळची बरीच फ्रेंच कागदपत्रं खुली झाली आहेत. मे महिन्यात पॅरिसला दहा दिवस जाणार आहे (मावसबहिणीकडे, म्हणून तर परवडतंय). पॅरिसजवळच्या पिएरफितच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात २एजी या क्रमांकाखाली म्हणजे पेतँच्या कार्यालयाचे कागद आहेत आणि ३डब्ल्यू म्हणजे युद्धानंतर विशीच्या नेत्यांवर खास उच्च न्यायालयात चाललेल्या खटल्यांचे. दहा दिवसांत दोन्ही होणार नाही. आधी काय उघडू? माझा कल खटल्यांकडे आहे, पण आरोपी जीव वाचवायला बोलतात, त्यावर किती विसंबायचं?

तिथे काम केलेलं कुणी असेल तर सांगा: गठ्ठे किती दिवस आधी मागवावे लागतात, मोबाइलने फोटो काढू देतात का? माझं फ्रेंच बी१ म्हणजे मध्यम पातळीपर्यंतचं. टंकलिखित मजकूर जमतो, समासातल्या हस्ताक्षरातल्या नोंदी अजिबात नाही. त्या वाचायची सवय कशी केलीत?